प्रार्थनेत ती दगडासारखी होते, तेव्हा

पत्र: 'आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) भगिनी मंडळातल्या आम्ही सहाजणी गेले पाच महिने पुण्यातल्या एका निवारागृहात आठवड्यातून दोनदा जातो. बुधवार पेठेतल्या वेश्यावस्तीतून सुटका झालेल्या नऊ मुली तिथे आहेत, बंगाल, नेपाळ आणि कर्नाटकातल्या. आम्ही गाणी म्हणतो, वचन वाचतो, प्रत्येकीच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतो, मग नाश्ता देतो. महिन्याभरापासून एक मुलगी प्रार्थनेत एकदम दगडासारखी होते. डोळे उघडे, पण हाक ऐकू येत नाही. एकदा किंचाळून कोपऱ्यात जाऊन बसली. मंडळीतले काही जण म्हणतात, दुष्टात्मा आहे, उपास-प्रार्थना करून काढायला हवा. दुसरी एक, सगळ्यांत हसतमुख, कुणाला न सांगता परत पेठेत गेली. आणि पाळकसाहेबांना वाटतं, नाताळच्या उपासनेत दोघी-तिघींनी सगळ्यांसमोर आपली कहाणी सांगून साक्ष द्यावी. आमचं काय चुकतंय? नाताळची भेट काय द्यावी, तेही सांगा.' — एक भगिनी, पुणे

प्रिय ताई,

सगळ्यात निकडीचं आधी. दुष्टात्मा काढण्याचा बेत आजच रद्द करा. पाळकसाहेबांशी बोलायचं अवघड वाटत असेल तर हे उत्तरच त्यांना वाचायला द्या.

तुम्ही जे वर्णन केलंय त्याला मानसोपचारात 'डिसोसिएशन' म्हणतात. साध्या मराठीत, शरीर इथे आणि माणूस इथे नाही. ज्या बाईला पळताही येत नव्हतं आणि प्रतिकारही करता येत नव्हता, तिच्या मेंदूने शिकलेला हा बचाव आहे. अंगावर जे चाललंय ते 'माझ्यावर नाहीच' असं करून टाकायचं. त्या काळात या युक्तीनेच ती जगली. आता धोका टळलाय, पण मेंदूला तसं अजून कुणी पटवून दिलेलं नाही. म्हणून जुन्या प्रसंगासारखं काही समोर आलं की तो तेच बटण दाबतो.

आता तुमची प्रार्थना तिच्या बाजूने बघा. डोळे मिटायला सांगितले जातात. चार बायका भोवती उभ्या राहतात, एखादी पाठीमागून येते. न विचारता डोक्यावर हात पडतो. आवाज चढत जातो, सगळ्याजणी एकदम बोलू लागतात. दार लावलेलं असतं, कारण बाहेरचा गलका नको. तुमच्या मनात माया आहे, पण तिच्या शरीराला एवढंच कळतं की मला दिसत नाही, दार बंद आहे आणि कुणीतरी माझ्या अंगाला हात लावलाय. अशा वेळी चार माणसांनी तिला धरून मोठमोठ्याने 'बाहेर ये' म्हटलं, तर तिच्यावर पूर्वी जे झालं त्याचीच ती आवृत्ती ठरते. शिवाय मंडळी 'हिच्यात काहीतरी घाण आहे' असं तिला सांगते. हे तिने आयुष्यभर ऐकलेलंच आहे.

ती पुन्हा तशी झाली तर काय करायचं, ते नीट लक्षात ठेवा. एकीनेच बोलायचं, बाकीच्यांनी मागे सरायचं. तिच्यापासून चार-पाच फुटांवर, तिच्या नजरेच्या उंचीला किंवा खाली बसा. तिच्या आणि दाराच्या मध्ये बसू नका. हात लावू नका, पाठ थोपटूसुद्धा नका. हळू, सपाट आवाजात तिचं नाव घ्या आणि आजची माहिती द्या: 'तू पुण्यात आहेस. आज मंगळवार, सकाळचे अकरा वाजलेत. मी अमुक. दार उघडं आहे. तुला कुणी हात लावणार नाही.' थोडं थांबून पुन्हा तेच. डोळे हलू लागले की पाय जमिनीला टेकवून दाबायला सांगा, थंड पाण्याचा पेला हातात धरायला द्या, खोलीत दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं विचारा. मराठी येत नसेल तर हीच पाच वाक्यं बंगालीत किंवा नेपाळीत आधी लिहून, पाठ करून ठेवा. तिच्या भाषेतली मोडकी वाक्यं तुमच्या शुद्ध मराठीपेक्षा लवकर पोचतील.

बहुतेकदा काही मिनिटांत माणूस परत येतं. आल्यावर 'काय आठवलं?' विचारायचं नाही. पाणी, हवं असेल तर चहा, आणि 'आत्ता तुला काय बरं वाटेल?' एवढंच. नंतर वहीत वेळ, किती मिनिटं चाललं आणि त्याआधी खोलीत नेमकं काय घडलं होतं ते टिपा. चार-पाच नोंदी झाल्या की कारण दिसू लागतं. ते कधी गजऱ्याचा किंवा अत्तराचा वास असतो, कधी जिन्यावरची पावलं, कधी कुणाची बांगडी. कांदा नाहीतर चप्पल हुंगवणं, तोंडावर पाणी मारणं, गालावर चापट्या देणं यातलं काहीही करू नका. आणि अंगाला झटके आले, जीभ चावली गेली, लघवी झाली, तर ती फिट असू शकते. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, पाच मिनिटांपेक्षा जास्त चाललं तर 108 ला फोन करा. फिट आणि डिसोसिएशन यातला फरक आपण ठरवायचा नसतो, म्हणून एकदा डॉक्टरांची तपासणी व्हायलाच हवी. सुटकेच्या आधी रोज दारू किंवा गोळ्या दिल्या जात असतील आणि त्या एकदम बंद झाल्या असतील, तर पहिल्या काही दिवसांत फिट येऊ शकते. नवी मुलगी आली की हे अधीक्षिकाबाईंना आवर्जून विचारा.

मग प्रार्थना बंद करायची का? नाही, पण तिची जागा बदला. पहिली गोष्ट, नाश्ता प्रार्थनेच्या आधी, आणि सगळ्यांना. आज तुमच्याकडे क्रम उलटा आहे. तुमच्या मनात अट नसेल, पण जिला खाणं मिळवायला वर्षानुवर्षं काहीतरी 'करावं' लागलंय ती हा क्रम अट म्हणूनच वाचते. प्रार्थना वेगळ्या खोलीत ठेवा. जिला यायचंय ती येईल, न आलेलीला का आली नाहीस असं विचारायचं नाही, आणि न येणाऱ्यांसाठी त्याच वेळी दुसरं काहीतरी खरोखर चालू असलं पाहिजे, कॅरम, नखं रंगवणं, भाजी निवडणं, काहीही. नाहीतर तो पर्याय कागदावरचाच. आत आलेल्यांना सुरुवातीलाच सांगा की पंधरा मिनिटं चालेल, एक गाणं, एक उतारा, थोडी शांतता, डोळे उघडे ठेवले तरी चालतात, मधे उठून गेलं तरी चालतं. दार उघडं. पाठीमागे कुणी उभं राहायचं नाही. हात ठेवणं आणि तेल लावणं पूर्ण बंद. एखादीने स्वतः म्हटलं 'माझ्यासाठी प्रार्थना करा', तर विचारा, 'बसूनच करू का? हात धरू की नको?' आणि 'नको' आलं की लगेच 'बरं' म्हणा. तिच्या 'नको'ला कुणीतरी मान दिला, ही तिच्या दृष्टीने त्या दिवसातली सगळ्यात मोठी घटना असू शकते.

हे काही परक्या शास्त्रातून आणलेलं नाही. बार्तिमय आंधळा आहे हे सगळ्या गावाला दिसत होतं, तरी मार्काच्या दहाव्या अध्यायात येशू त्याला विचारतो, तुझ्यासाठी मी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? पहिल्या राजेमधला एलीया झुडपाखाली मरण मागत पडतो तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खायला देतो. बोलणं त्यानंतर, डोंगरावर.

तुमचे पहिले महिने असेच जायला हवे होते, आणि अजूनही उशीर झालेला नाही. आघातातून सावरणं साधारण तीन टप्प्यांत होतं. आधी सुरक्षितता, मग घडलेल्याची आठवण आणि शोक, मग जगाशी पुन्हा जोडून घेणं. हे टप्पे सरळ रेषेत येत नाहीत, पण पहिला वगळून दुसऱ्यावर उडी मारली की माणूस ढासळतं. तुमचं काम पहिल्या टप्प्याचं आहे, थोडंफार तिसऱ्याचं. दुसरा टप्पा प्रशिक्षित माणसाचा. म्हणून 'तुझी कहाणी सांग, मन हलकं होईल' हे वाक्य तुमच्या सहाजणींच्या तोंडातून पुन्हा निघता कामा नये. एका बैठकीत सगळं ओकायला लावल्याने आघात बरा होत नाही, उलट काहींचा वाढतो. आपत्तीनंतर लगेच असं 'मन मोकळं करून घेणं' वापरू नये, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. ती आपणहून बोलू लागली तर ऐका, पण खोदू नका: 'किती जण होते', 'कोणी विकलं' वगैरे. याला कोर्टाचंही कारण आहे. तिची केस उभी राहील तेव्हा बचावपक्षाचा वकील विचारणारच, 'हे तुला चर्चच्या बायकांनी पढवलं ना?' तुमच्या वहीत तिच्या तोंडचे तपशील असले तर ती वहीही मागवली जाऊ शकते. वहीत तब्येत, झोप, खाणं एवढंच असू द्या.

पहिल्या टप्प्यात करायचं काय, हे ऐकायला फार साधं वाटतं. रात्री दिवा चालू ठेवायचा की बंद, हे तिला ठरवू द्या. भिंतीकडची खाट हवी की दाराकडची, तेही. दोन रंगांच्या कपड्यांपैकी तिने निवडावा. खोलीत शिरताना दार वाजवा, आणि आतून 'या' येईपर्यंत थांबा. पेठेत दार वाजण्याचा एकच अर्थ होता, तो इथे बदलायला वेळ लागतो. तुमच्या भेटीचे वार आणि वेळ पक्की ठेवा. मंगळवारी अकरा म्हणजे अकरा. येता येणार नसेल तर आदल्या दिवशी निरोप. मोठी वचनं देऊ नका. 'मी तुझी आई आहे' तर नकोच. पेठेत घरवालीलाही, म्हणजे कोठा चालवणाऱ्या बाईलाही, 'आई' किंवा 'दीदी' म्हणायला लावतात. तुम्ही नुसत्या ताई राहा.

मानसोपचारासाठी कुणाकडे पाठवायचं? नैदानिक मानसशास्त्रज्ञ शोधताना भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का ते विचारा, नुसतं 'समुपदेशक' पाटीवर विसंबू नका. आघातासाठी खास पद्धती आहेत, आघात-केंद्रित सीबीटी (विचार आणि वागणं यांवर काम करणारा उपचार) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने आठवणींवर काम करणारा). त्यातलं प्रशिक्षण आहे का, तेही विचारा. पुण्यात ससूनचा मनोविकार विभाग आहे, येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर चोवीस तास फुकट बोलता येतं. दुभाषा म्हणून निवारागृहातल्याच दुसऱ्या मुलीला बसवू नका. एकीचं दुखणं दुसरीच्या डोक्यात जातं आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या घराला कळतं. वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं ते असं: मरणाची भाषा, अंगावर ब्लेडचे ताजे वार, तीन रात्री झोप नाही, अन्न सोडलेलं, नसलेले आवाज ऐकू येणं. मरणाचा विचार येतोय का, हे थेट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही. गोळ्या सुरू झाल्या की 'विश्वास ठेव, गोळ्यांची गरज नाही' असं मंडळीतल्या कुणीही म्हणायचं नाही. हा नियम लेखी करा.

आता साक्ष. आमचं उत्तर स्पष्ट 'नको' आहे.

पाळकसाहेबांचा हेतू चांगला असणार. लोकांना सेवाकार्य कळावं, अर्पण वाढावं, मुलींनाही धीर यावा. पण जिचं छप्पर, जेवण आणि औषध तुमच्या माणसांच्या मर्जीवर आहे असं तिला वाटतं, तिचा होकार हा होकार नसतो. ती 'हो' म्हणेल, कदाचित उत्साहाने म्हणेल, कारण समोरच्याला काय आवडतं ते ओळखून तसं वागणं हे तिचं जगण्याचं कसब होतं. मग माइकसमोर तीनशे माणसांपुढे दुसऱ्या टप्प्याचं काम उभ्याउभ्या उरकलं जाईल. लोक रडतील, टाळ्या वाजवतील, घरी जेवायला जातील. ती रात्री एकटी उरेल. आणि त्या तीनशे जणांत एकाचा तरी मोबाइल चालू असतो. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. प्रार्थना-विनंतीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही यातच आला. 'आपल्या अमुक भगिनीसाठी, जी तमुक गावची असून...' असा निरोप साठ जणांकडे, तिथून सहाशे जणांकडे जातो, आणि दलाल काही आंधळा नसतो. तुमचे जुने निरोप आणि फोटो आजच काढून टाका. देवाला नाव माहीत आहे, ग्रुपवर 'एक भगिनी' पुरे.

नाताळच्या उपासनेत सेवाकार्याची माहिती तुम्ही स्वतः द्या. आम्ही काय करतो, महिन्याचा खर्च कशावर होतो, आम्ही काय चुकलो. हे शेवटचं सांगायला धीर लागतो. पाळकसाहेबांना उपदेशासाठी उतारा हवा असेल तर 2 शमुवेल 13 सुचवा. तामारेवर अम्नोन बळजबरी करतो, भाऊ अबशालोम तिला म्हणतो आता गप्प राहा, आणि दावीद राजा रागावतो खरा, पण करत काहीच नाही. मराठी मंडळ्यांत हा अध्याय व्यासपीठावरून क्वचित वाचला जातो. त्यापेक्षा मग्दालीया मरीयेला वेश्या म्हणून रंगवणं जास्त चालतं, आणि शुभवर्तमानात तसं कुठेही लिहिलेलं नाही. लूक फक्त सांगतो की तिच्यातून सात भुतं निघाली होती. तिला पापी स्त्रीशी जोडलं ते पोप ग्रेगरी पहिले यांनी, 591 सालच्या प्रवचनात. चौदाशे वर्षं एका बाईवर खोटा डाग राहिला. तुमच्या नऊजणींसमोर तिची गोष्ट सांगताना हे माहीत असलेलं बरं.

पुढे एखादीला मनापासून बोलावंसं वाटलं, तर तिची केस संपलेली असावी, निवारागृह सोडून स्वतःच्या कमाईवर राहायला लागून तिला वर्ष तरी झालेलं असावं, काय बोलायचं ते तिने आधी एका विश्वासाच्या माणसासमोर बोलून पाहिलेलं असावं, आणि व्यासपीठाच्या पायरीवरूनही परत फिरायची तिला मोकळीक असावी. फोटो तरीही नाही.

गाण्यांकडे आणि शिकवणीकडेही जरा बघा. 'मी मळलेली, मला धू' या अर्थाची गाणी तुमच्या-आमच्यासाठी पश्चात्तापाची असतील. जिला रोज कुणीतरी मळकी म्हटलं, ती त्यात स्वतःवर झालेल्या अत्याचाराला आपलं पाप समजते. त्याऐवजी विलापाची स्तोत्रं वाचा. तेरावं, 'हे परमेश्वरा, कोठवर?' म्हणणारं. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची ओळ जोडलेली नाही. वाचून झाल्यावर तुम्हीही जोडू नका. 'देव बाप आहे' हे वाक्य बापानेच विकलेल्या मुलीपुढे जपून. हागारेची गोष्ट घेता येते. उत्पत्तीच्या सोळाव्या अध्यायात ती दासी देवाला स्वतः नाव ठेवते, मला पाहणारा देव. आणि क्षमेचा विषय पहिल्या वर्षात तुमच्याकडून निघूच नये. क्षमा म्हणजे केस मागे घेणं नव्हे, आणि 'आईबापाचा मान राख' म्हणजे ज्यांनी विकलं त्यांच्याकडे परत जाणं नव्हे. ही दोन वाक्यं मात्र मुलींच्या कानावर जरूर घाला, कारण गावाकडून फोन येऊ लागले की नेमकी याचीच ओढाताण होते.

धर्मांतराबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण कुणीतरी विचारेल, तेव्हा उत्तर तयार असावं. निवारागृहात असेपर्यंत बाप्तिस्मा नाही, मागितला तरी नाही. बाहेर पडून, स्वतःच्या पायावर उभी राहून तिने मागितला तर तो तिचा आणि मंडळीचा प्रश्न. आत असताना तिच्या पिशवीतल्या कालीमातेच्या फोटोला जागा मिळाली पाहिजे, आणि रोजे धरणारीला पहाटे सहरीचं जेवण. कर्नाटकातल्या मुलींपैकी एखादी यल्लम्माला सोडलेली, म्हणजे देवदासी केलेली, असेल तर तिच्या गळ्यातली माळ किंवा डोक्यातली जट तुम्ही काढायला लावू नका. लहानपणी देवाच्या नावाने तिच्या शरीराचा निर्णय दुसऱ्यांनी घेतला होता. दुसऱ्या देवाच्या नावाने तोच प्रकार पुन्हा नको. हा कायदा सांभाळण्याचा भाग आहेच, राज्यघटनेचं कलम 25 तिलाही लागू आहे. पण त्याहीपेक्षा, दबावाखाली आलेली श्रद्धा ही तिच्यासाठी आणखी एक गिऱ्हाईक खूश करणं ठरते.

या बाबतीत आपल्याकडे जुना धडा आहे. पंडिता रमाबाई 1883 साली इंग्लंडमध्ये होत्या, तेव्हा बाप्तिस्म्यानंतर वाँटेजच्या सिस्टरांनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅमचं काम दाखवलं. समाजाने 'पतित' म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी काही करायचं असतं, हे आपल्याला तिथे प्रथमच कळलं, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. पुढे दौंड तालुक्यातल्या केडगावला मुक्तिसदन उभं राहिलं, त्यात अशा स्त्रियांसाठी कृपासदन वेगळं होतं. पण त्याआधी, 1889 साली मुंबईत सुरू होऊन पुण्याला आलेल्या, विधवा आणि मुलींसाठीच्या त्यांच्या शारदासदनात मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात यावरून 1893 साली वादळ उठलं आणि पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. दार उघडं ठेवलं होतं, कुणाला बोलावलं नव्हतं, असं रमाबाईंचं म्हणणं होतं. तुमच्याकडे मुली लहान नाहीत, पण निवाऱ्यासाठी अवलंबून आहेत. त्यामुळे तुमचं दार रमाबाईंच्यापेक्षाही सांभाळून उघडावं लागेल.

परत गेलेल्या मुलीबद्दल. तिला यहूदा ठरवू नका, आणि स्वतःलाही दोष देऊ नका. परत जाणं या कामात नेहमीचं आहे. कारणं बहुधा रोकडी असतात. घरवालीकडचं कर्ज, तिच्याकडे ठेवलेलं मूल, गावाला दरमहा जाणारे पैसे थांबल्यामुळे येणारे फोन, सुटलेली दारू. शिवाय निवारागृहातलं आयुष्यही कंटाळवाणं असतं. फोन काढून घेतलेला, फाटकाला कुलूप, दिवसभर शिलाई मशीन. तिच्या डोळ्यांनी पाहिलं तर कुलूप इथेही आहे. शिलाई, मेणबत्त्या, मण्यांच्या माळा हे आपल्याकडच्या पुनर्वसनाचा ठरलेला साचा, आणि त्यात घर चालेल एवढी कमाई क्वचितच होते. तिथे असलेल्या मुलींना विचारा की गावाला किती पैसे जायला हवेत, कोणतं काम जमेल, कोणतं नको. ब्यूटी पार्लर, हॉटेलचं स्वयंपाकघर, रुग्णसेवा, ड्रायव्हिंग, जे ती म्हणेल ते. आणि गेलेल्या मुलीपर्यंत कुणी ओळखीची समाजसेविका पोचू शकत असेल तर निरोप एवढाच द्या: तुझी पिशवी जपून ठेवलीय, कधीही ये. पुन्हा आली तर 'का गेलीस' विचारू नका, 'कुठे अडलं?' विचारा.

तुम्ही स्वतः पेठेत जाऊन तिला 'सोडवून' आणू नका. ती 18 च्या वर असेल आणि स्वतःहून राहत असेल तर तिला ओढून आणायचा हक्क कुणालाच नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2020 मध्ये तीन प्रौढ स्त्रियांना सुधारगृहातून सोडण्याचा आदेश देताना हेच सांगितलं, आणि 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इच्छेविरुद्ध डांबलेल्या प्रौढ स्त्रियांसाठी निवारागृहांची पाहणी करायला लावली. ती डांबलेली आहे असं कळलं तर 112, किंवा पोलिसांचा अनैतिक मानवी वाहतूक विरोधी कक्ष. वय 18 खाली असल्याची शंका आली तरी कळवणं हे तुमच्यावर कायद्याने बंधनकारक आहे. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, न कळवणं गुन्हा ठरतो. 1098 या चाइल्ड हेल्पलाइनवर फोन करा, मुलीला 24 तासांत बाल कल्याण समितीपुढे नेलं जातं. रात्र काढायला म्हणून कुणालाही पाळकसाहेबांच्या घरी ठेवू नका. परवान्याशिवाय निवारागृह चालवणं हाच गुन्हा आहे, आणि उद्या आरोपीचा वकील त्याच घराकडे बोट दाखवेल.

एक काम तुम्ही फार चांगलं करू शकाल, कागदपत्रांचं. पीडितेला वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987, कलम 12. शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा, आणि मनोधैर्य योजनेतून किंवा पीडित भरपाई योजनेतून ती पात्र ठरते का तेही तिथेच विचारायचं. बँक खातं तिच्या एकटीच्या नावावर, एटीएम कार्ड तिच्याच हातात. अर्ज भरून द्यायला बसलेली ताई ही उपदेश करणाऱ्या ताईपेक्षा जास्त आठवणीत राहते, असं आम्हाला वाटतं.

तुमच्या सहाजणींसाठीही थोडं. निदान सहा महिने येणार असेल तिनेच यावं. परदेशातून आठवडाभर आलेल्या पाहुण्यांना मुलींना भेटवू नका, मिठ्या मारून फोटो काढून ती माणसं जातात आणि मुलींना पुन्हा कुणीतरी सोडून गेलेलं असतं. प्रत्येकीची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी. एकटीने एकीबरोबर बंद खोलीत बसायचं नाही. उसने पैसे द्यायचे नाहीत. महिन्यातून एकदा बाहेरच्या समुपदेशकासोबत दीड तास बसा. झोप उडणं, नवऱ्याचा स्पर्श नकोसा होणं, मुलीला शाळेत पाठवायची भीती वाटणं, हे या कामातल्या बायकांना होतं. लपवलं तर सहा महिन्यांत गट फुटतो.

राहिली नाताळची भेट. नऊ सारख्या साड्या नकोत, गणवेश वाटतो. बायबलही नको, जी मागेल तिला एरवी द्या. प्रत्येकीला कुलूप लागणारी एक छोटी पत्र्याची पेटी घ्या, बोहरी आळीत मिळतात. रंग त्यांना निवडू द्या. अधीक्षिकाबाईंना आधी विचारून ठेवा की झडती घ्यायची वेळ आलीच तर ती मुलीच्या समोर होईल. आणि कुलपाच्या दोन्ही किल्ल्या तिलाच द्या, एक ऑफिसात ठेवायची नाही.